घरी बांधलेल्या रेप्लिका स्पोर्ट्स कारचं पासिंग: नळ्या कापायच्या आधी हे वाचा

माझ्याकडे कागद घेऊन येणारे बहुतेक जण गाडी पूर्ण झाल्यावर येतात. इंदूरच्या सांवेर रोडवरच्या एखाद्या शेडमध्ये दोन-अडीच वर्षं घालवून नळ्यांचा सांगाडा वेल्ड करून झालेला असतो, फायबरची बॉडी चढलेली असते, जुन्या मारुती एस्टीमचं इंजिन पहिल्या सेल्फला सुरू होत असतं, रंगसुद्धा होऊन गेलेला असतो. मग प्रश्न येतो, "आता पासिंगचं कसं करायचं?" हाच प्रश्न पहिल्या दिवशी विचारला असता तर पैसे आणि मनस्ताप दोन्ही वाचले असते. म्हणून जिथे अर्ज अडतो त्या जागांवरच जास्त लिहितो आहे.

सगळ्यात आधी कडू गोष्ट. एका माणसानं स्वतःसाठी बांधलेली एकच गाडी तपासायची आणि पास झाली की तिला नंबर द्यायचा, अशी सोय आपल्या मोटार वाहन कायद्यात नाही. ब्रिटनमध्ये ती आहे. तिथे घरी बांधलेल्या एकेका गाडीची स्वतंत्र तपासणी होते आणि वाहनाचं वय किंवा मूळ ठरवता येत नसेल तर क्यू अक्षरानं सुरू होणारा नंबर मिळतो. लोटस सेव्हन ही छोटी स्पोर्ट्स कार १९५७ पासून तिथे किटच्या रूपात, म्हणजे घरी जोडायच्या सुट्या भागांच्या संचात, विकली जायची, कारण सुट्या भागांवर खरेदी कर लागत नसे. १९७३ पासून तीच गाडी केटरहॅम बनवते. म्हणजे किट गाड्यांची ही सगळी परंपरा तिथल्या कायद्याच्या आधारानं वाढलेली आहे. आपली मुलं तिथले व्हिडिओ बघतात, गाडी तपासणी केंद्रावर जाते आणि पास होऊन घरी येते हे बघतात, आणि आपल्याकडेही असंच होत असणार असं गृहीत धरून कामाला लागतात. मुलांचा यात दोष नाही. पण "आपल्याकडे ही सोय नाही" हे साधं वाक्य एकाही कार्यालयाच्या भिंतीवर लिहिलेलं दिसत नाही, याचा मला राग येतो.

आता कागद. नव्या गाडीच्या नोंदणीसाठी फॉर्म २० तुम्ही भरता, फॉर्म २१ विकणारा देतो आणि फॉर्म २२ बनवणारा देतो. विमा, पत्त्याचा पुरावा, फी, रोड टॅक्स ही नेहमीची कामं, त्यात कोणी अडत नाही. अडतं ते २२ वर. ही गाडी प्रदूषणाच्या आणि सुरक्षिततेच्या नियमांत बसते आणि रस्त्यावर चालवण्यायोग्य आहे, असं उत्पादकानं सही करून दिलेलं ते प्रमाणपत्र. त्या मॉडेलला केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२६ खाली टाइप अप्रूव्हल, म्हणजे नमुना गाडीच्या चाचण्यांनंतरची मंजुरी, मिळालेलं असेल, तरच उत्पादकाला ही सही करता येते. पुण्याची एआरएआय आणि सीआयआरटी, मानेसरची आयकॅट, अहिल्यानगरची व्हीआरडीई अशा संस्था हे काम करतात. त्यांच्याकडे अर्ज उत्पादक करतो, गाडीचा मालक नाही.

इंदूरकरांचा इथे हमखास एक गैरसमज होतो. पिथमपूर इतकं जवळ, तिथे नॅट्रॅक्स या वाहन चाचणी केंद्राचा ११.३ किलोमीटरचा हाय-स्पीड ट्रॅक, मग एक दिवस गाडी घेऊन जाऊ आणि सर्टिफिकेट आणू. तसं होत नाही. ट्रॅक जवळ असला म्हणून नियम जवळ येत नाहीत. ऑक्टोबर २०१९ पासून प्रवासी कारला समोरून आणि बाजूनं ठोकून बघण्याची चाचणी बंधनकारक आहे. एप्रिल २०१९ पासून एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा), जुलै २०१९ पासून ड्रायव्हरची एअरबॅग, सीटबेल्टची आठवण करून देणारा बझर, वेगाचा इशारा आणि रिव्हर्सचे सेन्सर लागतात. तुम्ही एक गाडी बांधली आहे. चाचणीत ठोकायला दुसरी कुठून आणणार?

"मग फॅब्रिकेटरकडून फॉर्म २२-ए घेतो," असं सांगणारे एजंट भेटतात. त्यांच्यापासून सांभाळा. २२-ए खरा कागद आहे, पण तो बस-ट्रकसारख्या वाहनांसाठी. तिथे कंपनी नुसती चेसिस, म्हणजे बॉडीशिवायचा सांगाडा, विकते आणि बॉडी दुसरा कोणी बांधतो. पहिला भाग चेसिसचा उत्पादक भरतो, दुसरा बॉडी बिल्डर. तुमचा सांगाडा शेडमध्येच जन्मलेला असेल तर पहिला भाग भरणारं कोणी नाही, आणि पहिल्याशिवाय दुसऱ्याला किंमत नाही. त्या कागदासाठी पैसे मोजलेले लोक मी पाहिले आहेत. पुढे अर्ज परत आला आणि एजंट फोन उचलेनासा झाला.

इंजिनाचंही तसंच. सर्वोच्च न्यायालयाच्या २४ ऑक्टोबर २०१८ च्या निकालानुसार १ एप्रिल २०२० पासून बीएस-४ या जुन्या प्रदूषण मानकाच्या गाड्यांची विक्री आणि नोंदणी बंद झाली. नवीन म्हणून नोंदवायची गाडी बीएस-६ च हवी. एस्टीमचं किंवा कॉन्टेसाचं इंजिन कितीही निगुतीनं बांधलं तरी ते या चाळणीतून खाली उतरणार नाही.

यानंतर सगळे दुसऱ्या वाटेला वळतात: जुनी गाडी घ्यायची, तिची आरसी चालू ठेवायची आणि तिच्या नावावर आपली रेप्लिका फिरवायची. सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात, म्हणून इथे थांबून वाचा. कायद्याचं कलम ५२ म्हणतं की उत्पादकानं मूळ जे तपशील दिले आणि जे आरसीत आहेत, त्यांच्याशी विसंगत होईल असा बदल मालकानं गाडीत करायचा नाही. ९ जानेवारी २०१९ ला केरळमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं हे आणखी स्पष्ट केलं. मान्यताप्राप्त सीएनजी किट, दिव्यांग व्यक्तीसाठी केलेले बदल, त्याच प्रकारचं बदली इंजिन अशा गोष्टींना परवानगी मिळते. बंद कारची उघडी टू-सीटर करायला मिळत नाही. कलम १८२-ए खाली अशा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. दंड बदलागणिक आहे हे लक्षात ठेवा, गाडीमागे नाही.

कलम ५२ मध्येच १४ दिवसांची एक मुदत आहे आणि तिचा अर्थ सर्रास उलटा लावला जातो. "आधी बदल करा, चौदा दिवसांत कळवा, की झालं" असं लोकांना वाटतं. तसं नाही. जो बदल मुळात चालण्यासारखा आहे, पण पूर्वपरवानगीशिवाय झाला, त्याची खबर आरसीसह १४ दिवसांत द्यायची आहे. जो बदल चालतच नाही, तो पहिल्याच दिवशी कळवला तरी चालत नाही. उलट आपणच आपल्याविरुद्ध लेखी पुरावा दिल्यासारखं होतं.

एक प्रसंग मी विसरू शकत नाही. ओळखीचे एक निवृत्त गृहस्थ, आयुष्यभर कारखान्यात फिटर, हात सोन्याचे. त्यांनी जुन्या गाडीच्या चेसिस नंबरचा पत्रा कापून नव्या सांगाड्यावर वेल्ड केला होता. तपासणीला निरीक्षकांनी केरोसीनच्या फडक्यानं ती जागा पुसली, वर पातळ कागद ठेवला आणि नंबर उमटवायला पेन्सिल आडवी फिरवली. आकडे छान उठले. पण त्यांच्या चारी बाजूंना वेल्डिंगची रेघही उठली, फोटोला चौकट असावी तशी. निरीक्षकांनी कागद उजेडाकडे धरला आणि आवाज न चढवता विचारलं, "काका, ये नंबर कहाँ से आया?" काकांना यात काही गैर आहे हे खरंच ठाऊक नव्हतं. इंजिन त्या गाडीचं, मग नंबरही त्याच गाडीचा, असा त्यांचा सरळ हिशेब होता. पण चेसिस नंबर कापून लावणं हे चोरीच्या गाड्यांचं काम समजलं जातं, आणि मग विषय पोलिसांकडे जातो. कोणीही, कितीही अनुभवी मिस्त्रीनं सांगितलं तरी, हे करू नका.

गाडी मूळ रूपातच ठेवून तिची डागडुजी करणार असाल तर आरसी सांभाळा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते आणि फॉर्म २५ भरून पाच-पाच वर्षांनी वाढवता येते. नियमातले "६० दिवस" हे मुदत संपण्याआधीचे आहेत. त्यापेक्षा आधी अर्ज घेत नाहीत. नंतर ६० दिवसांची सवलत मिळते अशी समजूत असेल तर ती सोडा, उशिराला कारसाठी महिन्याला ५०० रुपये चढत जातात. फी १५ वर्षांवरील कारला ५,००० रुपये, आणि ऑगस्ट २०२५ च्या बदलानंतर २० वर्षांवरील कारला १०,००० रुपये आहे. जुनी गाडी विकत घेताना आरसीवर बँकेचा बोजा आहे का ते आधी बघा. पंचवीस वर्षांपूर्वीचं कर्ज कधीच फिटलेलं असतं, पण बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ कोणी दिलेला नसतो आणि मधल्या काळात बँक दुसऱ्या बँकेत विलीन झालेली असते. तो एक कागद मिळवायला गाडी बांधण्याइतका वेळ गेलेली माणसं आहेत. बोजा उतरल्याशिवाय व्यवहारच करू नका.

परदेशातून किट मागवणाऱ्यांना एवढंच सांगतो की बिल ऑफ एंट्री म्हणजे कस्टम ड्यूटी भरल्याचा पुरावा, नोंदणीचा हक्क नव्हे.

व्हिंटेजची वाट रेप्लिकाला बंद आहे. जुलै २०२१ च्या नियमांत पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली, मूळ रूपातली, चेसिस, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार नसलेली गाडीच बसते. फी २०,००० रुपये, नोंदणी दहा वर्षांची, नंबरात व्हीए ही अक्षरं. तीसुद्धा रोज फिरवायला नाही, प्रदर्शन-रॅलीपुरती. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांच्या ड्यूसेनबर्ग गाडीची हुबेहूब नक्कल तुम्ही काल बांधलीत, तर कायद्याच्या लेखी ती कालची गाडी.

तरीही कोणाला अर्ज करूनच बघायचा असेल, तर एक हक्क माहीत असू द्या. खिडकीवर "नहीं होगा" ऐकून परत येऊ नका. कलम ४५ नुसार नोंदणी नाकारताना कारणं लेखी द्यावी लागतात. तो लेखी आदेश हातात पडला त्या दिवसापासून ३० दिवसांत कलम ५७ खाली अपील करता येतं. तोंडी नकारावर अपील होत नाही, आणि लोकांना बहुतेक वेळा तोंडीच परत पाठवलं जातं. अर्ज परिवहन खात्याच्या पोर्टलवर टाका, अर्ज क्रमांक घ्या, लेखी उत्तर मागा. घरच्या गाडीत निकाल फिरेल अशी आशा मी दाखवणार नाही. पण मूळ रूपातल्या जुन्या गाडीचं नूतनीकरण निव्वळ गैरसमजानं अडवलेलं असेल, तर हाच मार्ग उपयोगी पडतो.

मग बांधलेल्या गाडीचं करायचं काय? ती चालवायची, पण सार्वजनिक रस्त्यावर नाही. नोंदणीशिवाय रस्त्यावर सापडलात तर कलम १९२ खाली पहिल्या वेळी २,००० ते ५,००० रुपये दंड आहे. खरी भीती दंडाची नाही. कोणाला धक्का लागला तर विमा नसल्यानं भरपाई थेट तुमच्या घरावर येते. अभियांत्रिकीच्या मुलांची बाहा एसएई स्पर्धा २००७ पासून पिथमपूरला भरत आली आहे. मुलं स्वतः बांधलेल्या गाड्या ट्रकवर लादून आणतात, मैदानात चालवतात आणि ट्रकवरच परत नेतात. आपलीही रीत तीच असावी. कोइंबतूरचा कारी स्पीडवे, चेन्नईजवळचा श्रीपेरुंबुदूरचा ट्रॅक किंवा स्वतःची कुंपणातली जागा, जिथे नेणार तिथे ट्रेलरवर न्या.

वाटेत पोलीस ट्रेलर थांबवून इंजिन कुणाचं ते विचारतील. भागांची बिलं आणि जुन्या गाडीच्या खरेदीचा कागद जवळ ठेवा. ती गाडी मोडून इंजिन काढलं असेल, तर कलम ५५ प्रमाणे १४ दिवसांत आरटीओला कळवून आरसी जमा करा आणि पोच घ्या. ही पोच बहुतेकांकडे नसते. मोडलेली गाडी मग वर्षानुवर्षं तुमच्याच नावावर राहते आणि तिच्या नंबरवर कोणी काही केलं तर नोटीस तुमच्या दारात येते. त्या पोचेच्या दोन प्रती काढा, एक घरी ठेवा, एक गाडीसोबत.