चार फुटांखालचं ऊन

बातम्यांमध्ये लातूरचं तापमान 42 सांगतात ना, ते नेमकं कुठलं असतं माहितीये का? पांढऱ्या लाकडी पेटीत, सावलीत, जमिनीपासून साधारण चार फुटांवर ठेवलेल्या थर्मामीटरचं. पेटीला फटी असतात, वारा खेळता राहतो, थेट ऊन आत येत नाही. आता आमच्या घरामागं बिल्डिंगचं काम चालू आहे, तिथं पत्र्याच्या शेडमध्ये चार-पाच कुटुंबं राहतात, त्यातलं सगळ्यात धाकटं पोरगं तीन फुटांचं पण नाही आणि दिवसभर खडीवर अनवाणी खेळत असतं. उन्हात जमीन हवेपेक्षा कितीतरी जास्त तापते आणि तिला चिकटून असलेली हवा सगळ्यात गरम असते, म्हणजे हे पोरगं त्या पेटीच्या खालच्या उन्हाळ्यात जगतंय. त्यात लहान मुलांचं वजन कमी आणि त्या मानानं कातडी जास्त, त्यामुळं बाहेरची हवा अंगापेक्षा गरम झाली की ती मोठ्यांपेक्षा लवकर तापतात.

ही पोरं बीड जिल्ह्यातल्या धारूर-वडवणीकडची. गेल्या सालापर्यंत आईबाप ऊसतोडीला जायचे, दसरा-दिवाळी झाली की कोयता निघायचा आणि शाळा अर्ध्यात सुटायची. कायद्यानं यांना निर्वासित म्हणता येत नाही, कारण 1951 च्या आंतरराष्ट्रीय करारात छळाच्या भीतीनं देश सोडलेली माणसं येतात, दुष्काळानं गाव सोडलेली नाही (आणि भारतानं तर त्या करारावर सहीच केलेली नाही). पण पोराच्या दृष्टीनं काय फरक पडतो, गाव सुटलंच ना.

तर मे महिन्यात आमच्या कॉलनीतली पोरं आणि ही साईटवरची पोरं अशी एकत्र करून आम्ही एक साधा खेळ केला. एक थर्मामीटर, तीन जागा. उघडं ऊन, पत्र्याची शेड, आणि ओपन स्पेसमधला जुना कडुलिंब. उघड्या उन्हात थर्मामीटरची नळी स्वतःच तापते म्हणून तिथं वर पुठ्ठा धरायचा, हे समजवायलाच अर्धा तास गेला. मग कडुलिंबाखाली गेलो तर पारा फार काही उतरला नाही. एक पोरगी म्हणाली, "काका, पारा तर तेवढाच हाय, मग इथं गार काहून वाटायलंय?" आणि शेडमधला एकजण लगेच, "आमच्या पत्र्याखाली बी सावलीच असती की, तिथं का नाही वाटत?"

पुस्तकातल्या अख्ख्या धड्यापेक्षा हे दोन प्रश्न भारी आहेत.

वारा हवा मिसळत राहतो म्हणून झाडाखालची हवा बाहेरच्यापेक्षा थोडीच गार असते. पण अंगाला नुसती हवा तापवत नाही, तापलेल्या भिंती, डांबर, पत्रा यातून उष्णतेचे किरण निघतात ते पण भाजतात. पत्रा ऊन अडवतो खरा पण स्वतः तव्यासारखा तापून तीच उष्णता खाली फेकतो. कडुलिंबाचं पान तसं तापत नाही, कारण ते घामेजतं. मुळांनी ओढलेलं पाणी पानांवरच्या बारीक छिद्रांतून वाफ होऊन जातं आणि जाताना उष्णता घेऊन जातं, आपला माठ गार होतो तीच गोष्ट. एक लिटर पाणी चुलीवर उकळी येईपर्यंत तापवायला जेवढी उष्णता लागते त्याच्या जवळपास आठपट त्याची वाफ व्हायला लागते. म्हणजे एखाद्या मोठ्या झाडानं दिवसात 100 लिटर पाणी सोडलं तर दीड टनाचा एसी बारा-तेरा तास जेवढी उष्णता खेचेल तेवढी त्यानं खेचली.

अर्थात पाणी असेल तर! ज्या शहरानं 2016 साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणून प्यायलं त्या शहरात हे विसरून कसं चालेल. माती सुकली की झाड ती छिद्रं मिटून घेतं, मग उरते फक्त सावली, आणि म्हणून झाड कुठलं लावता याला महत्त्व आहे. साग उन्हाळ्यात बोडका होतो. कडुलिंब मात्र पाडव्याच्या आसपास नवी पालवी घेतो, म्हणजे ऐन वैशाखात तो भरगच्च. लॉनचं तर विचारूच नका, टँकरचं पाणी पिऊन सावली शून्य, मला ते बघूनच चीड येते.

गाव सुटलं तरी शेतीची माहिती सुटत नाही. जॉर्डनमध्ये झातारी नावाची सीरियन निर्वासितांची छावणी आहे, 2012 ला सुरू झालेली. वाळवंट, पाणी कमी, पण तिथं आलेले कित्येकजण मूळचे शेतकरी. ब्रिटनच्या शेफिल्ड विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी त्यांच्यासोबत जुन्या गाद्यांच्या फोममध्ये टोमॅटो, मिरची, पुदिना वाढवला. फोम पाणी धरून ठेवतो, माती लागतच नाही. विज्ञान विद्यापीठाचं होतं पण हात शेतकऱ्यांचे होते. आमच्याकडं पण तेच दिसलं, गावात कुठला बोअर कधी आटला, मृग कोरडा गेला की काय होतं हे साईटवरच्या पोरांना तोंडपाठ, कॉलनीतली पोरं तोंड उघडी टाकून ऐकत होती.

मग ठरलं की चौथी जागा म्हणून बागेत मोजायचं. गेलो तर कुलूप. बाग सकाळी आणि संध्याकाळी उघडी, दुपारी बंद. आत चिंच, करंज, वड, सगळी सावली नुसती पडून होती. कॉलनीतल्या पोरांनी पहिल्यांदाच ती वेळेची पाटी नीट वाचली. साईटवरच्या एका पोरीनं मात्र थर्मामीटर गजांमधून आत धरला, हात पुरला तेवढा.