पंपाच्या पॅनेलसोबतचा टेस्ट बॉक्स: आत काय आहे, कसा वापरायचा

पॅनेल तपासायला तुम्ही आमच्या वर्कशॉपमध्ये येता, तेव्हा टाकी, पंप, पाइप यांतले काहीच तिथे नसते. तरी वरची टाकी भरल्यावर पंप थांबतो का, खालचा हौद रिकामा असताना तो सुरू तर होत नाही ना, हे तुमच्या डोळ्यांसमोर दाखवणे आमचे काम आहे. पूर्वी आम्ही २४ व्होल्टच्या टर्मिनलवरून वायरचा तुकडा घेऊन पीएलसीच्या (पॅनेलमधला, पंप कधी चालवायचा ते ठरवणारा छोटा संगणक) एकेका इनपुटला टेकवत असू. एकदा तो निसटून चालू असलेल्या एनपीएन आउटपुटला (चालू झाल्यावर ० व्होल्टला जोडले जाणारे) लागला आणि ते आउटपुट जळाले. त्यानंतर हा बॉक्स बांधला. आता तो पॅनेलसोबतच देतो, म्हणजे पुढे प्रोग्रॅम बदलला तरी तुमचा इलेक्ट्रिशियन स्वतः तपासू शकेल.

टॉगल स्विच

झाकणावर १६ स्विच आहेत, एका इनपुटला एक. पीएलसीचे २४ व्होल्टचे इनपुट साधारण ४ ते ७ मिलिअँपिअर घेते, स्विचशेजारचा एलईडी जवळपास ५. सगळे स्विच एकदम चालू केले तरी हिशेब २०० मिलिअँपिअरच्या आत राहतो, म्हणून आत १ अँपिअरचा एसएमपीएस (२४ व्होल्ट डीसी देणारा सप्लाय) आणि त्यापुढे ५०० मिलिअँपिअरचा फ्यूज आहे. फ्यूज उडाला तर मोठा घालू नका. कुठेतरी शॉर्ट आहे, तो शोधा.

बाजूच्या स्विचवर पीएनपी (इनपुटला २४ व्होल्ट देणे) किंवा एनपीएन (इनपुटला ० व्होल्ट देणे) निवडायचे. पीएलसीच्या इनपुटचा कॉमन (सगळ्या इनपुटचे सामाईक टर्मिनल) ० व्होल्टला असेल तर पीएनपी, २४ व्होल्टला असेल तर एनपीएन. एलईडी दुरंगी आहे: पीएनपीला लाल, एनपीएनला हिरवा लागतो. निवड बदलण्याआधी बॉक्सचा सप्लाय बंद करा.

सर्वांत जास्त गोंधळ होतो तो इथे. ओव्हरलोड रिलेचा (मोटरने जास्त करंट घेतला की ट्रिप होणारा) कॉन्टॅक्ट आम्ही एनसी, म्हणजे एरवी जुळलेला आणि ट्रिप झाल्यावर उघडणारा, घेतो, आणि हौदाचा फ्लोट स्विचही पाणी असताना कॉन्टॅक्ट जुळलेला राहील असाच जोडतो. त्यामुळे सगळे ठीक असताना हे दोन स्विच चालू हवेत. ते खाली केले की ट्रिप झाली किंवा पाणी संपले असे पीएलसीला दिसते. वायर तुटली तरी तसेच दिसते, आणि पंप थांबतो. जोडणी अशी ठेवण्याचे कारणच ते आहे. पंप नीट चालतो हे बघून चाचणी संपवू नका. पंपाचे आउटपुट चालू असताना हे दोन्ही स्विच एकेक करून पाडा.

४ ते २० मिलिअँपिअरचा नॉब

हा नॉब प्रेशर ट्रान्समीटरच्या (लाइनमधले प्रेशर मोजून ते करंटच्या रूपात पीएलसीला कळवणारा) जागी आहे. ० ते १० बारचा ट्रान्समीटर धरला तर ४ मिलिअँपिअर म्हणजे ० बार, १२ म्हणजे ५, २० म्हणजे १०. स्क्रीनवर हे तीन आकडे बरोबर आले की स्केलिंग (करंटचे बारमध्ये रूपांतर) बरोबर. नॉबभोवतीच्या खुणा अंदाजाच्या आहेत. नेमका आकडा हवा असेल तर मल्टीमीटर सिरीजमध्ये लावा.

पहिल्या बॉक्समध्ये आम्ही एलएम३१७ ही रेग्युलेटर आयसी वापरली होती. तिला नीट काम करायला स्वतःलाच साधारण ३.५ आणि काही नगांना १० मिलिअँपिअरपर्यंत करंट लागतो, त्यामुळे ४ च्या आसपास वाचन हलत राही. आता व्होल्टेजचे करंटमध्ये रूपांतर करणारी वेगळी आयसी आहे आणि नॉब ३ पर्यंत खाली येतो. तो मुद्दाम ठेवला आहे: ३.६ च्या खाली गेल्यावर ‘ट्रान्समीटर फॉल्ट’ आला पाहिजे. तिथे ० बार दिसत असेल तर प्रेशर नाही असे समजून पीएलसी पंप चालवत राहील आणि लाइन फुटण्याची वेळ येईल.

फ्लो मीटरचे पल्स टॉगल स्विचने देऊ नका. स्विचचा पत्रा काही मिलिसेकंद थरथरतो आणि वेगवान काउंटर एका दाबाचे अनेक पल्स मोजतो. त्यासाठी वेगळे पल्स बटण आहे.

साइटवर जोडण्याआधी

बॉक्सला खरा पंप आणि खोटा पंप यांतला फरक कळत नाही. तुम्ही ‘हौदात पाणी आहे’ असा स्विच दिला की कॉन्टॅक्टर (मोटरला वीज देणारा मोठा रिले) ओढणारच, हौद कोरडा असला तरी. आधी मोटरचा आयसोलेटर (वीज पूर्ण तोडणारा मुख्य स्विच) बंद करून त्याला कुलूप लावा, किल्ली स्वतःच्या खिशात ठेवा. मग फील्डच्या (साइटवरच्या फ्लोट, ट्रान्समीटर वगैरेंकडून येणाऱ्या) वायरी इनपुटवरून सोडवा आणि प्रत्येकीला नंबर आहे ना ते बघा. ट्रान्समीटरच्या दोन्ही वायरी तर काढायलाच हव्यात, कारण बॉक्स स्वतः करंट देतो. ट्रान्समीटरच्या लूपचा (सर्किटचा) २४ व्होल्ट त्यात मिसळता कामा नये.

इमर्जन्सी स्टॉपसाठी बॉक्सवर स्विच दिलेला नाही. पॅनेलवरचे खरे बटण दाबूनच ते तपासा.

काम झाल्यावर फील्डच्या वायरी झाकणाच्या आत चिकटवलेल्या इनपुट यादीप्रमाणे परत जोडा, प्रत्येकीपुढे टिक करा, आणि सगळ्यांवर टिक झाल्यावरच कुलूप काढा.