उतरलेली बॅटरी आणि मेलेली बॅटरी

सेल्फ मारला आणि नुसतं टक टक झालं की भोवतीचे तिघं एका सुरात सांगतात, "बॅटरी गेली." मीटर कुणी लावलेला नसतो. गेली म्हणजे उतरली की मेली, हे विचारलं तर "एकच की ते" असं उत्तर येतं. एकच नाही. उतरलेली बॅटरी रात्रभर चार्जिंगला लावली की उठते. मेलेलीला कितीही चार्ज करा, नवीच घ्यावी लागते. या दोन्हींत काही हजारांचा फरक आहे, आणि तो आपल्या खिशातून जातो.

परवा आमच्या दाजींचं हेच झालं. टेंभुर्णीजवळ क्लच प्लेट गेली. टेम्पोला दोर बांधून गाडी सोलापूरला आणली. चावी काढली तर स्टेअरिंग लॉक होतं, म्हणून चावी ऑन. मागच्याला दिसावं म्हणून चारही इंडिकेटर चालू. टेम्पोची वाट बघणं धरून पाच-सहा तास असेच गेले. क्लच बसवून झाल्यावर मेकॅनिकनं सेल्फ मारला तर टक टक. लगेच बॅटरीवाला आला, टेस्टर लावला, काटा लालमध्ये, "गेली साहेब, नवी टाका."

दाजींचा प्रश्न मात्र वेगळाच होता. "अहो, एवढं अंतर चाकं फिरली की! बॅटरी भरायला पाहिजे होती." हा गैरसमज एका वाक्यात निकालात काढतो. बॅटरी भरणारा आल्टरनेटर, त्याचा पट्टा इंजिनवर असतो, चाकावर नाही. न्यूट्रलमध्ये ओढलेल्या गाडीचं इंजिन बंद, म्हणून चार्जिंग शून्य. खर्च मात्र चालू: चार इंडिकेटरचे २१ वॅटचे बल्ब, अर्धा वेळ पेटतात असं धरलं तरी साडेतीन अँपिअर, वर ऑन चावीचा खर्च वेगळा. ३५ अँपिअर-तासाची (म्हणजे एक अँपिअर ३५ तास पुरवणारी) बॅटरी किती पुरणार? अमेरिकेत मोटरहोम म्हणून चाकांवरचं घर असतं, त्याच्यामागे छोटी कार चारही चाकांवर ओढत नेतात. तिथंही बऱ्याच गाड्यांत स्टेअरिंगसाठी चावी आत ठेवावी लागते आणि मुक्कामी पोचेपर्यंत कारची बॅटरी बसलेली असते. जाणकार लोक पुढच्या गाडीतून एक चार्जिंगची वायर मागे देतात, किंवा गरज नसलेला फ्यूज काढून ठेवतात.

आता मुद्द्याचं. टेस्टरचा काटा लालमध्ये गेला तरी दुकानदार चूक का? कारण लोड टेस्ट, म्हणजे बॅटरीवर जोराचा भार टाकून बघणं, ही भरलेल्या बॅटरीची करायची असते. उतरलेल्या बॅटरीवर लोड टाकला तर ती पडणारच, नवी असली तरी. उपाशी माणसाला पोतं उचलायला लावून "हा कामातून गेला" म्हणण्यासारखं आहे ते. माझा सगळ्यात जास्त राग या एका गोष्टीवर आहे.

याच्या उलटी चूक घरचे हुशार लोक करतात. मीटर लावतात, १२.६ व्होल्ट दिसतं, "बॅटरी झकास" म्हणतात. रोज नळाला पाणी न येणाऱ्या आपल्या गावात टाकीचं उदाहरण कुणालाही कळेल. टाकी काठोकाठ दिसते, पण तळाला निम्मा गाळ असेल तर? व्होल्ट म्हणजे पाण्याची पातळी. आत पाणी किती, हे पातळी सांगत नाही. बॅटरीत हा गाळ म्हणजे प्लेटांवर घट्ट बसलेलं सल्फेट, आणि उतरलेली बॅटरी तशीच आठवडेच्या आठवडे ठेवली की तो साचतो. म्हणजे उतरलेलीची मेलेली आपणच करतो. त्यात आपला मे महिना, चाळिशीच्या वरचा पारा. आतलं पाणी उडतं, प्लेटा झिजतात.

म्हणून क्रम असा. आधी तीन-चार अँपिअरवर रात्रभर सावकाश चार्जिंग. मग चार-पाच तास हात लावायचा नाही, कारण चार्जर काढल्या काढल्या मीटर फुगवून आकडा दाखवतो. त्यानंतर १२.६ च्या आसपास असेल तर पुढं जायचं. १०.५ वरच अडकली असेल तर बॅटरीतल्या सहा सेलांपैकी (कप्प्यांपैकी) एक बसला, विषय संपला. १२.६ वाली असेल तर मीटर टर्मिनलवर ठेवूनच कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. आकडा १० च्या वर राहिला तर बॅटरी जिवंत आहे. ९.६ च्या खाली कोसळला तर गेली, मग दुकानदाराशी माझं भांडण नाही. गाडी सुरू झाल्यावर १४ च्या जवळपास दिसलं पाहिजे. ते दिसत नसेल तर आल्टरनेटर किंवा पट्टा बघा, बॅटरीला शिव्या देऊ नका.

दाजींची बॅटरी रात्री लावली. दुसऱ्या दिवशी दुपारी १२.६, सेल्फला १०.४. तीच बॅटरी अजून गाडीत आहे.

टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी, सैल क्लॅम्प वगैरे आहेच. गरम पाणी ओता, घासा, आवळा. यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

पोरं पुण्यात आणि गाडी इथं सोलापुरात होटगी रोडच्या बंगल्यात उभी, अशी घरं आपल्याकडे खूप. बंद गाडीही घड्याळ, अलार्म, रिमोटसाठी थोडं थोडं खाते. ५० मिलिअँपिअर धरले तर दिवसाला १.२ अँपिअर-तास, महिन्याला ३६. म्हणजे ३५ ची बॅटरी सपाट. तेव्हा दिवाळीला येऊन "बॅटरी गेली" म्हणण्यापेक्षा जाताना मायनसची वायर काढून ठेवा. बहुतेक गाड्यांना १० नंबरचा पाना लागतो.