स्वतःचा डेस्कटॉप जोडताना: सुट्या भागांची निवड आणि जोडणी

सुटे भाग घेऊन आपल्या हाताने संगणक जोडू इच्छिणाऱ्या ग्राहकांसाठी हे माहितीपत्रक तयार केले आहे. जोडणीचे प्रत्यक्ष काम एक स्क्रूड्रायव्हर, मोकळे टेबल आणि दोन-तीन तासांची सवड एवढ्यात होते. खरा वेळ द्यावा लागतो तो त्याआधीच्या निवडीला, कारण प्रत्येक भाग चांगला असूनही ते एकमेकांशी जुळत नसतील, तर संगणक एक तर सुरूच होत नाही किंवा महागड्या भागाची ताकद दुसऱ्या एखाद्या भागापाशी अडून राहते. आमच्याकडे ‘खराब’ म्हणून परत येणारे कितीतरी भाग तपासल्यावर ठणठणीत निघतात. ते फक्त चुकीच्या जोडीदाराबरोबर बसवलेले असतात.

काम ठरवा, मग यादी करा

हिशेब, पत्रव्यवहार आणि इंटरनेट एवढेच काम असेल, तर अंगभूत ग्राफिक्स असलेला मध्यम प्रोसेसर, १६ जीबी रॅम आणि एक एसएसडी (माहिती साठवणारी वेगवान डिस्क) पुरेशी होते. वेगळे ग्राफिक कार्ड घेण्याचे कारण नाही. मात्र इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी ‘एफ’ हे अक्षर असते, त्यात अंगभूत ग्राफिक्स नसते, आणि असा प्रोसेसर कार्डाविना घेतल्यास मॉनिटरवर काहीच दिसणार नाही. व्हिडिओ संपादनासाठी जास्त कोअरचा प्रोसेसर आणि ३२ जीबी किंवा त्याहून अधिक रॅम घ्यावी.

खेळांसाठी संगणक हवा असेल, तर आम्ही आधी मॉनिटरची चौकशी करतो, आणि ग्राहकांना याचे नवल वाटते. १९२० बाय १०८० च्या पडद्यावर सुमारे २०.७ लाख बिंदू असतात, तर ३८४० बाय २१६० च्या पडद्यावर बरोबर त्याच्या चौपट, म्हणजे सुमारे ८३ लाख. दर सेकंदाला साठ किंवा अधिक वेळा हे सगळे बिंदू रंगवण्याचा भार ग्राफिक कार्डावर पडतो. त्यामुळे पडद्याचा आकडा कळल्याशिवाय कार्डाविषयी दिलेला कोणताही सल्ला अंदाजाचा ठरतो.

प्रोसेसर, मदरबोर्ड आणि रॅम

हे तिन्ही भाग एकत्रच निवडावेत. प्रोसेसर ज्या सॉकेटमध्ये बसतो, ते सॉकेट मदरबोर्डवर कायमचे असते आणि त्यात दुसऱ्या जातीचा प्रोसेसर बसत नाही. एएमडीचे एएम४ हे सॉकेट २०१७ पासून रायझेन प्रोसेसरांबरोबर रुळले आणि २०२२ मध्ये एएम५ आले. इंटेलच्या बाराव्या पिढीबरोबर २०२१ मध्ये एलजीए १७०० आले आणि २०२४ मध्ये एलजीए १८५१. इंटेलच्या नावातला आकडा म्हणजे सॉकेटमधल्या पिनांची संख्या असते.

सॉकेट जुळले म्हणजे काम झाले असे मात्र समजू नये. एकाच सॉकेटवर प्रोसेसरच्या अनेक पिढ्या चालतात, आणि गोदामात काही महिने पडून राहिलेल्या मदरबोर्डमधले बायोस (संगणक सुरू करणारे बोर्डातले मूळ सॉफ्टवेअर) नंतर आलेल्या प्रोसेसरला ओळखत नाही. म्हणून मदरबोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरील प्रोसेसरांच्या यादीत आपला प्रोसेसर कोणत्या बायोस आवृत्तीपासून चालतो, हे पाहूनच मागणी नोंदवावी. काही मदरबोर्डांवर प्रोसेसर न बसवताही पेन ड्राइव्हवरून बायोस बदलण्याची सोय असते. आमच्या मते प्रथमच जोडणी करणाऱ्याने ही सोय असलेलाच बोर्ड घ्यावा.

रॅमच्या बाबतीत डीडीआर४ आणि डीडीआर५ या दोन्ही प्रकारांच्या पट्टीला २८८ पिना असल्या, तरी खाच वेगळ्या जागी असते आणि एकीच्या स्लॉटमध्ये दुसरी बसत नाही. जोर लावल्यास स्लॉट तुटतो. एएम५ चे बोर्ड फक्त डीडीआर५ घेतात, तर एलजीए १७०० चे बोर्ड दोन्ही प्रकारांत मिळतात, त्यामुळे गोंधळ तिथेच सर्वाधिक होतो. एका मोठ्या पट्टीऐवजी सारख्या दोन पट्ट्या घ्याव्यात, म्हणजे प्रोसेसरला दोन मार्गांनी एकाच वेळी माहिती मिळते. चार स्लॉटच्या बोर्डवर त्या बहुधा प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसवायच्या असतात. तरीही आपल्या बोर्डच्या पुस्तिकेत एकदा पाहावे. रॅमच्या वेष्टनावर छापलेला वेग आपोआप लागू होत नाही. तो बायोसमध्ये जाऊन, इंटेलकडे एक्सएमपी आणि एएमडीकडे एक्सपो या नावाने, सुरू करावा लागतो.

एसएमपीएस

काटकसर करताना ग्राहकांचा हात सर्वांत आधी एसएमपीएसकडे, म्हणजे वीजपुरवठ्याच्या पेटीकडे, जातो, कारण त्यामुळे संगणकाचा वेग वाढत नाही. आमचे आग्रहाचे सांगणे असे की काटकसर कुठेही करावी, इथे करू नये. बाकी प्रत्येक भागाला वीज याच पेटीतून मिळते आणि ती बिघडली तर स्वतःबरोबर इतरांनाही घेऊन जाते.

क्षमता ठरवताना प्रोसेसरवर लिहिलेल्या वॉटवर विसंबू नये. ६५ वॉट लिहिलेला एएम४ प्रोसेसर भाराखाली ८८ वॉटपर्यंत जातो, आणि १२५ वॉट लिहिलेल्या इंटेल कोअर आय९-१३९००के ची मर्यादा २५३ वॉट आहे. समजा प्रोसेसर १२० वॉट, ग्राफिक कार्ड २२० वॉट आणि मदरबोर्ड, रॅम, डिस्क व पंखे मिळून ७० वॉट घेणार असतील, तर बेरीज ४१० वॉट होते. ग्राफिक कार्डाची मागणी क्षणभर याहून बरीच वर उसळते, म्हणून येथे ६०० ते ६५० वॉटचा एसएमपीएस आम्ही सुचवू.

‘८० प्लस’ या शिक्क्याविषयीही गैरसमज आहे. तो शिक्का वीज किती वाया जाते एवढेच सांगतो. गोल्ड दर्जाचा एसएमपीएस अर्ध्या भारावर सुमारे ९० टक्के कार्यक्षम असतो, म्हणजे आत ३०० वॉट देण्यासाठी तो भिंतीतल्या सॉकेटमधून सुमारे ३३३ वॉट घेतो आणि उरलेल्याची उष्णता होते. आतले घटक किती टिकाऊ आहेत आणि जादा भार किंवा शॉर्ट सर्किट झाल्यास पुरवठा तोडण्याची सोय आहे की नाही, हे त्या शिक्क्यावरून कळत नाही. त्यासाठी माहितीपत्रक आणि वॉरंटीची वर्षे पाहावी लागतात.

सुट्या केबलच्या एसएमपीएसबाबत एक गोष्ट आम्ही आमच्या चुकीतून शिकलो आहोत. आमच्या दुरुस्तीच्या टेबलावर जुना एसएमपीएस बदलताना डिस्कच्या जुन्याच केबल जागेवर राहिल्या. नव्या एसएमपीएसमध्ये त्यांची टोके चपखल बसली, पण आतली तारांची मांडणी निराळी होती, आणि बटण दाबताच दोन हार्ड डिस्क कायमच्या गेल्या. ग्राहकाची कित्येक वर्षांची कागदपत्रे त्यात होती. एका एसएमपीएसची केबल दुसऱ्याला, अगदी त्याच कंपनीच्या दुसऱ्या मॉडेललाही, कधीही लावू नये.

काही नव्या ग्राफिक कार्डांना १६ पिनांचा एकच कनेक्टर असतो आणि त्यातून ६०० वॉटपर्यंत वीज वाहू शकते. तो अर्धवट बसल्यास तापून वितळू शकतो, म्हणून पूर्ण आत गेल्याची खात्री डोळ्यांनी करावी आणि टोकापाशीच केबल वाकवू नये.

एसएसडी, कॅबिनेट आणि कूलर

एम.२ हा एसएसडीचा केवळ आकार आहे. त्या आकारात सॅटा प्रकार सेकंदाला सुमारे ५५० मेगाबाइट आणि एनव्हीएमई प्रकार साडेतीन हजार ते सात हजार किंवा अधिक मेगाबाइट वाचू शकतो, तेव्हा बोर्डचा स्लॉट कोणता प्रकार घेतो हे पाहावे. काही बोर्डांवर एम.२ स्लॉट वापरला की एखादा सॅटा पोर्ट बंद होतो. तेही पुस्तिकेत लिहिलेले असते. कॅबिनेट घेताना तीन मापे जुळवावीत: बोर्डचा आकार, ग्राफिक कार्डाची लांबी आणि कूलरची उंची. एटीएक्स बोर्ड ३०५ बाय २४४ मिलिमीटरचा असतो, मायक्रो-एटीएक्स २४४ चा चौरस आणि मिनी-आयटीएक्स १७० चा.

जोडणी

प्रोसेसर, रॅम, एसएसडी आणि कूलर कॅबिनेटच्या बाहेरच, बोर्ड त्याच्या खोक्यावर ठेवून बसवावेत. भाग हाताळण्याआधी अंगातली स्थिर वीज जाण्यासाठी कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावावा. प्रोसेसर फक्त कडांना धरावा. त्याच्या एका कोपऱ्यावर बारीक त्रिकोण असतो आणि तशीच खूण सॉकेटवरही असते. दोन्ही एका कोपऱ्यात आणून प्रोसेसर अलगद ठेवला की तो आपल्या वजनानेच बसतो. त्याला बोटाने दाबू नये. एलजीए सॉकेटची कळ बंद करताना मात्र बऱ्यापैकी जोर लागतो आणि करकर आवाज येतो, त्याने घाबरू नये. निघालेले प्लास्टिकचे झाकण जपून ठेवावे, कारण पुढे वॉरंटीत बोर्ड पाठवताना ते पुन्हा लावावे लागते.

कूलरच्या तळावरची पारदर्शक फिल्म काढावी आणि प्रोसेसरच्या माथ्यावर मटारच्या दाण्याएवढी थर्मल पेस्ट (उष्णता कूलरकडे नेणारा लेप) लावावी. बोर्ड कॅबिनेटमध्ये बसवण्याआधी खालचे पितळी आधारखुंट बोर्डच्या भोकांखालीच आहेत ना, ते मोजावे. भलत्या जागी राहिलेला एक खुंटही शॉर्ट सर्किट करू शकतो. ग्राफिक कार्ड असल्यास मॉनिटरची केबल कार्डालाच लावावी, मदरबोर्डला नव्हे.

डीडीआर५ चा संगणक पहिल्यांदा सुरू केल्यावर पडदा काही मिनिटे काळाच राहतो, पंखे मात्र फिरत असतात. या वेळात बोर्ड रॅमची चाचपणी करून तिच्याशी जुळवून घेत असतो. बटण पुन्हा पुन्हा दाबू नये; दहा मिनिटे थांबावे. तरीही काही दिसले नाही, तर बोर्डच्या कडेला प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स आणि बूट यांचे छोटे दिवे असल्यास त्यांपैकी कोणता पेटून राहिला आहे ते पाहावे, वीज बंद करून रॅमची एकच पट्टी ठेवून पुन्हा प्रयत्न करावा, आणि त्यानंतरही अडल्यास त्या दिव्याचे छायाचित्र व सर्व भागांची पूर्ण नावे आमच्याकडे पाठवावीत.