एमआरपी नसलेली वस्तू : ई-सिगारेटच्या फसव्या विक्रीची पार्श्वभूमी

गेल्या मे महिन्यात मुंबईहून गावी आलेला माझा भाचा पडवीत बसून बोटाएवढी एक रंगीत नळी ओढत होता. आंब्याच्या पेट्या भरणारी आमची माणसे त्या कलिंगडासारख्या गोड वासाकडे वळून पाहत होती. मी विचारल्यावर त्याने सांगितले, "मामा, यात तंबाखू नाही, नुसती वाफ आहे." वाटेत मालवणच्या बाजूला एका किनाऱ्यालगतच्या दुकानात त्याने ती २,४०० रुपयांना घेतली होती, आणि तशीच नळी मुंबईतल्या त्याच्या मित्राला १,५०० रुपयांना मिळाली होती, हे त्याला नंतर कळले. मी तिचे खोके हातात घेऊन उलटसुलट पाहिले. त्यावर 'दहा हजार पफ' हे शब्द ठळक होते, फळाचे चित्र होते. मात्र कमाल किरकोळ किंमत नव्हती, आयात करणाऱ्याचे नाव-पत्ता नव्हता आणि साध्या विडीच्या बंडलावरही असते ते सावधगिरीचे चित्रही नव्हते. दहा हजार झुरक्यांची ती नळी नवव्या दिवशी बंद पडली.

ही नळी म्हणजे ई-सिगारेट, बॅटरीवर द्रव तापवून त्याची वाफ ओढण्याचे उपकरण. हा अनुभव त्या एका दुकानापुरता नाही. ई-सिगारेट बाजारात आली तेव्हापासून तिच्याविषयी केलेले दावे आणि तिची घेतलेली किंमत यांचा मेळ कधीच नीट बसलेला नाही, आणि भारतात बंदी आल्यावर तर किंमत पडताळून पाहण्याचा उरलासुरला आधारही गेला.

तंबाखू न जाळता ओढण्याच्या उपकरणाची कल्पना जुनी आहे. अमेरिकेतील हर्बर्ट गिल्बर्ट यांनी १९६३ मध्ये अशा धूरविरहित सिगारेटच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९६५ मध्ये त्यांना ते मिळाले, परंतु ती वस्तू बाजारात रुजली नाही. आज ओळखली जाणारी ई-सिगारेट २००३ मध्ये चीनमधील औषधतज्ज्ञ होन लिक यांनी तयार केली. ते स्वतः धूम्रपान करत आणि त्यांचे वडील फुप्फुसाच्या कर्करोगाने गेले होते. सिगारेट सुटावी, ही प्रेरणा खरी होती, यात मला शंका वाटत नाही. पण वस्तू युरोप-अमेरिकेत पोहोचली तेव्हा विक्रेत्यांनी त्या प्रेरणेचे रूपांतर औषधी गुणाच्या दाव्यात करून टाकले. काहींनी तर जागतिक आरोग्य संघटनेचे नाव आणि बोधचिन्हही आपल्या जाहिरातींत वापरले, तेव्हा सप्टेंबर २००८ मध्ये त्या संघटनेला जाहीरपणे सांगावे लागले की, हे धूम्रपान सोडण्याचे सिद्ध झालेले साधन आहे असे आम्ही मानत नाही आणि विक्रेत्यांनी तसे सूचित करणे थांबवावे.

पुढच्याच वर्षी, २००९ मध्ये, अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने काही नमुने तपासले. 'निकोटिन नाही' असे लिहिलेल्या कार्ट्रिजांपैकी (द्रव भरलेल्या नळकांड्यांपैकी) एक वगळता सर्वांत थोडेफार निकोटिन सापडले, आणि एका नमुन्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्यही मिळाले. सप्टेंबर २०१० मध्ये याच प्रशासनाने पाच वितरकांना आधार नसलेल्या दाव्यांबद्दल इशारापत्रे पाठवली. म्हणजे पाकिटावर एक आणि आत दुसरेच, हा प्रकार आपल्याकडच्या छुप्या बाजारात जन्मलेला नाही. ज्या देशात ही विक्री उघडपणे चालत होती, तिथेच तो आधी नोंदला गेला.

किमतीची लबाडी मात्र जास्त बारकाईने पाहावी लागते, कारण तिथे खोटे बोलावेच लागत नाही. 'मोफत नमुना घ्या, फक्त पाठवणीचा खर्च द्या' अशी जाहिरात असे. पाच डॉलरच्या आत काम होते म्हणून माणूस कार्डाचा क्रमांक देई. आणि सुमारे दोन आठवड्यांची मुदत उलटली की त्याच कार्डावरून वस्तूची पूर्ण किंमत, म्हणजे १०० डॉलरच्या जवळपास रक्कम, कापली जाई. त्यानंतर दर महिन्याला नवे खोके येत राही आणि पैसे जात राहत. अट लिहिलेली असे, पण अशा ठिकाणी आणि अशा बारीक अक्षरात की ती वाचली जाऊ नये. अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने २०१८ मध्ये त्वचेच्या मलमांबरोबर ई-सिगारेटही अशा रीतीने विकणाऱ्या एका व्यवसायाविरुद्ध न्यायालयात धाव घेतली, ती याच कारणाने. आपल्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये ऑनलाइन विक्रीतील फसव्या रचनांविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत वर्गणीच्या या सापळ्याचा स्वतंत्र उल्लेख आहे.

दुसरी युक्ती यंत्र स्वस्त ठेवून त्यात पुन्हा पुन्हा भरायचे द्रव महाग विकण्याची होती. २०१५ मध्ये अमेरिकेत आलेल्या जूल या ई-सिगारेटने ती पूर्णत्वाला नेली. त्या उपकरणात निकोटिनचे क्षार वापरल्याने घशाला झोंबणारा तिखटपणा कमी झाला आणि जास्त तीव्रतेचे निकोटिन सहज ओढता येऊ लागले. कंपनीच्याच सांगण्याप्रमाणे एका छोट्या पॉडमध्ये, म्हणजे द्रवाच्या बदलायच्या डबीत, साधारण एका सिगारेट पाकिटाइतके निकोटिन होते. आपल्याकडे औषधाच्या दुकानात सवय सोडण्यासाठी मिळणाऱ्या निकोटिनच्या च्युइंगमच्या एका गोळीत २ किंवा ४ मिलिग्रॅम निकोटिन असते, हे लक्षात घेतले म्हणजे त्या पॉडमधले निकोटिन किती जास्त होते ते कळते. 'सिगारेटपेक्षा सुरक्षित' असा परवानगी नसलेला प्रचार केल्याबद्दल सप्टेंबर २०१९ मध्ये जूल कंपनीला अन्न व औषध प्रशासनाचा इशारा मिळाला आणि २०२२ मध्ये तिने तिथल्या तीसहून अधिक राज्यांशी सुमारे ४४ कोटी डॉलरची तडजोड मान्य केली. जितके निकोटिन जास्त, तितकी पुढची खरेदी पक्की. त्यामुळे या धंद्यात किमतीचा प्रश्न व्यसनाच्या प्रश्नापासून वेगळा काढता येत नाही.

भारतात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने मे २०१९ मध्ये संपूर्ण बंदीची शिफारस केली. १८ सप्टेंबर २०१९ रोजी केंद्र सरकारने वटहुकूम काढला आणि डिसेंबरमध्ये त्याचा कायदा झाला. उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वितरण, साठवण आणि जाहिरात हे सगळे त्यात गुन्हा ठरले. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि पुन्हा केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद व पाच लाखांपर्यंत दंड आहे. नुसत्या साठवणुकीलाही सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. ओढणाऱ्यासाठी मात्र या कायद्यात शिक्षा नाही, आणि विक्रेते नेमका याचाच आधार घेऊन 'वापरायला बंदी नाही, म्हणजे विकायलाही नाही' असे गिऱ्हाइकाला पटवतात. 'यात निकोटिनच नाही, म्हणून कायद्यात बसत नाही' हेही असेच एक ठरलेले वाक्य आहे. ते साफ खोटे आहे, कारण कायद्याच्या व्याख्येत निकोटिन असलेले आणि नसलेले, दोन्ही प्रकार स्पष्ट शब्दांत येतात.

बंदीनंतर माल चोरवाटेने येऊ लागला. सप्टेंबर २०२२ मध्ये महसूल गुप्तचर संचालनालयाने गुजरातमधील मुंद्रा बंदरात दुसऱ्याच मालाच्या नावाखाली आलेल्या ई-सिगारेटींचा कोट्यवधी रुपयांचा साठा पकडला. कोकणात मालाची वाट कोणती, हे ठामपणे सांगण्याचा अधिकार तपास यंत्रणांचा आहे. पण गिऱ्हाईक कोण, हे कोणालाही दिसते. अलिबाग, दापोली, गणपतीपुळे, तारकर्ली या पट्ट्यात शनिवार-रविवारी शहरातून येणारा तरुण वर्ग मोकळ्या हाताने खर्च करतो, आणि तो पुन्हा त्याच दुकानात येण्याची शक्यता कमी असते. त्याच्याकडून हजार रुपये जास्त घेतले, तर सोमवारी जाब विचारायला कोणी उभे राहत नाही.

हा अनुभव कोकणाला नवा नाही. महाराष्ट्रात २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली तेव्हा पुड्या टपरीच्या दर्शनी माळेवरून उतरून फळीखाली गेल्या आणि त्यांची किंमत छापील आकड्यावर नव्हे, तर मागणाऱ्याच्या निकडीवर ठरू लागली. म्हणून बंदी चुकीची होती असे मी म्हणत नाही. मशेरी आणि तंबाखूने तोंड उघडेनासे झालेली माणसे मी जवळून पाहिली आहेत. पण बंदी घातलेल्या वस्तूच्या गिऱ्हाइकाला वाऱ्यावर सोडले, तर विक्रेत्याला दुप्पट नफ्याची मुभा मिळते, एवढे त्या वेळी दिसले होते आणि आता पुन्हा दिसत आहे.

आवेष्टित वस्तूवर कमाल किंमत, आयातदाराचे नाव-पत्ता, उत्पादनाचा महिना छापण्याची सक्ती वैधमापनाच्या २०११ च्या नियमांत आहे, आणि छापील किमतीपेक्षा एक रुपया जास्त घेतला तरी बाटलीबंद पाण्याबद्दलसुद्धा १९१५ या ग्राहक क्रमांकावर तक्रार करता येते. ई-सिगारेटच्या खोक्यावर मुळात छापील किंमतच नसल्याने 'जास्त' कशाच्या तुलनेत, हेच ठरत नाही. पफच्या आकड्याचेही तसेच आहे. तो झुरका किती सेकंदांचा धरला, कोणी मोजला, हे खोक्यावर कुठेही नसते. त्यात नकली मालाची भर पडते, आणि प्रसिद्ध नावाच्या खोक्यात कोणते द्रव भरले आहे, हे विकणाऱ्यालाही माहीत असेलच असे नाही. २०१९-२०२० मध्ये अमेरिकेत अशी वाफ ओढण्याशी संबंधित फुप्फुसाच्या विकाराने ६८ माणसे दगावली, तेव्हा तपासात गांजातील द्रव्य असलेली, अनधिकृत वाटेने मिळवलेली कार्ट्रिजे आणि त्यांत मिसळलेले व्हिटॅमिन ई ॲसिटेट हे मुख्य कारण म्हणून पुढे आले होते.

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०२३ मध्ये या बंदीच्या उल्लंघनाची माहिती देण्यासाठी एक संकेतस्थळ सुरू केले. भाच्याने तिथे त्या दुकानाविषयी लिहावे, असे मी त्याला सुचवले. त्याचा पहिला प्रश्न होता, "मग माझे पैसे मिळतील का?" त्या संकेतस्थळावर विक्रीची खबर देता येते, पैसे परत मिळत नाहीत, हे मला त्याला सांगावे लागले. तक्रार त्याने अजून केलेली नाही, आणि ती बंद पडलेली नळी, आत लिथियमची बॅटरी असल्यामुळे कचऱ्यात टाकता येत नाही म्हणून, आमच्या फडताळात तशीच पडून आहे.