औषधी चहा, मधुमेह आणि यकृत : दोन इतिहासांची गाठ

मधुमेहामुळे यकृताला होणाऱ्या इजेवर अमुक वनस्पतीचा चहा गुणकारी ठरल्याच्या बातम्या अधूनमधून येतात आणि त्यांतील पुष्कळशा बातम्यांच्या मुळाशी उंदरांवरचा एखादा प्रयोग असतो. या दाव्यांमागे दोन इतिहास आहेत. साखर उतरवण्यासाठी पाला उकळून पिण्याचा इतिहास बऱ्यापैकी परिचित आहे. अशाच पाल्याने यकृत निकामी झाल्याचा इतिहास मात्र बातम्यांत क्वचितच येतो.

पहिल्या इतिहासातील सर्वांत यशस्वी वनस्पती युरोपातली आहे. गलेगा ऑफिसिनॅलिस ही शेंगा धरणारी वनस्पती तेथील लोकवैद्यकात मध्ययुगापासून वापरात होती. तिच्यातील द्रव्ये ज्या रासायनिक कुळातली आहेत, त्या ग्वानिडिनमुळे रक्तातील साखर उतरते, हे १९१८ मध्ये प्राण्यांवरील प्रयोगांत दिसून आले. त्याच कुळातील सिंथॅलिन हे औषध १९२६ च्या सुमारास जर्मनीत मधुमेहींना देण्यात आले. त्याने साखर उतरली, परंतु यकृत आणि मूत्रपिंडांवर विषारी परिणाम दिसू लागल्याने ते पुढे सोडून द्यावे लागले. १९२२ मध्ये डब्लिनमध्ये तयार झालेले त्याच कुळातले मेटफॉर्मिन हे औषध मात्र दुर्लक्षितच राहिले होते. झां स्टेर्न या फ्रेंच वैद्याने १९५७ मध्ये ते मधुमेहींवर वापरल्याचे प्रसिद्ध केले, तेव्हा कुठे त्याचे दिवस पालटले. मेटफॉर्मिनचे मुख्य काम यकृतातच चालते. तेथे होणारी साखरेची निर्मिती ते कमी करते. तरीही चरबीमुळे सुजलेल्या यकृतावरचा उपचार म्हणून त्याची शिफारस केली जात नाही, कारण यकृताच्या तुकड्याच्या तपासणीत अपेक्षित सुधारणा दिसली नाही. साखर उतरली म्हणजे यकृत सावरले, असे गृहीत धरता येत नाही, याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण आहे.

दोन्ही इतिहास एकाच भूमीवर पाहायचे असतील, तर कॅरिबियन समुद्रातील जमैका बेटाकडे वळावे लागते. तेथे सदाफुलीच्या पानांचा चहा मधुमेहावर घेतला जात असे. आपल्याकडेही सदाफुलीची पाने-फुले त्याच आशेने चघळणारे लोक आहेत. १९५२ मध्ये ही पाने कॅनडातील क्लार्क नोबल यांच्याकडे पोहोचली. इन्सुलिनच्या शोधाच्या वेळी, १९२१ मध्ये, बँटिंग यांचा सहायक कोण होणार हे नाणे उडवून ठरले आणि त्यात चार्ल्स बेस्ट यांच्यासमोर हरलेले ते हेच नोबल. त्यांनी पाने आपले बंधू रॉबर्ट नोबल यांच्याकडे सोपवली. तपासणीत साखरेवर परिणाम दिसला नाही, मात्र उंदरांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी झपाट्याने घटल्या. त्या धाग्यावरून रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीर यांना कर्करोगावरील विनब्लास्टिन गवसले. मधुमेहासाठी भरवशाने प्यायल्या जाणाऱ्या चहात पेशी मारणारे द्रव्य निघाले, ही गोष्ट वनस्पतीच्या सौम्यतेवर विश्वास ठेवणाऱ्यांनी जरूर लक्षात घ्यावी.

त्याच काळात जमैकातील डॉक्टरांना यकृताच्या एका विचित्र आजाराचे कोडे पडले होते. कुपोषित मुलांची पोटे पाण्याने फुगत आणि यकृतातील बारीक शिरा बंद झालेल्या आढळत. रानपाल्याच्या चहाशी या आजाराचा संबंध १९५४ च्या सुमारास जोडला गेला. दोषी वनस्पतींमध्ये क्रोटालेरियाच्या जाती होत्या. आपला ताग याच प्रजातीतला. मध्य भारतातील सरगुजा भागात १९७० च्या दशकात हाच आजार साथीसारखा पसरला, तेव्हा कारण चहा नव्हते, तर भरडधान्यात मिसळलेले क्रोटालेरियाचे बी होते.

या सगळ्या काळात मधुमेहींच्या यकृतातील चरबीकडे स्वतंत्र आजार म्हणून फारसे पाहिले जात नव्हते. दारू न पिणाऱ्यांचे यकृतही मद्यपींसारखे सुजते, याला अमेरिकेतील मेयो क्लिनिकमधील लुडविग आणि सहकाऱ्यांनी १९८० मध्ये नाव दिले. इन्सुलिनला शरीर दाद देईनासे झाले की चरबीच्या पेशींतून मेदाम्ले सुटून यकृतात येतात, यकृत स्वतःही साखरेपासून चरबी बनवते, आणि साठलेल्या चरबीतून काहींच्या बाबतीत दाह, मग तंतुमयता व शेवटी सिरोसिस असा प्रवास होतो. भारताने २०२१ मध्ये हा आजार असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात समाविष्ट केला.

वनस्पतींचे प्रयोग या आजारापेक्षा बरेच जुन्या साच्यात चालतात. त्यांत आधी रसायन टोचून प्राण्याला मधुमेह जडवला जातो. अलॉक्सन या रसायनाने प्राण्यांत मधुमेह होतो हे १९४३ मध्ये, तर स्ट्रेप्टोझोटोसिनने होतो हे १९६३ मध्ये दिसले. स्ट्रेप्टोझोटोसिन स्वादुपिंडातील इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारते, परंतु ज्या वाटेने ते त्या पेशींत शिरते ती वाट यकृताच्या पेशींतही असल्यामुळे तेथेही त्याची झळ पोहोचू शकते. अशा उंदराला अर्क पाजून यकृताची विकरे (यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारी एन्झाइम्स) खाली आली, तर मधुमेहाची इजा टळली की टोचलेल्या रसायनाची, हे वेगळे काढणे अवघड असते. शिवाय उंदराला दिला जातो तो बहुधा घट्ट अर्क, घरातला कपभर चहा नव्हे. वर्षानुवर्षे हळूहळू बिघडत गेलेल्या माणसाच्या यकृताशी काही आठवड्यांच्या अशा प्रयोगाची तुलना फार जपूनच करायला हवी.

अर्क आणि चहा यांतला फरक दोन्ही बाजूंनी महत्त्वाचा ठरला आहे. म्युनिकमध्ये १९६० च्या दशकात मिल्क थिसल या काटेरी वनस्पतीच्या बियांतून वेगळे काढलेले सिलिमरिन यकृताचे औषध म्हणून जगभर विकले जाते. मात्र ते पाण्यात फारसे विरघळत नसल्याने त्या बियांच्या चहात त्याचा अंश थोडाच उतरतो. ग्रीन टीच्या बाबतीत उलट घडले. कपातला चहा सामान्यतः सुरक्षित समजला जातो, पण त्याच्याच अर्काचे वजन घटवण्यासाठीचे एक उत्पादन २००३ मध्ये यकृताला इजा झाल्याच्या नोंदींमुळे फ्रान्स व स्पेनमध्ये मागे घेण्यात आले. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये नमूद केले, की पूरक गोळ्यांतून रोज ८०० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक ईजीसीजी (ग्रीन टीमधील एक प्रमुख द्रव्य) घेणाऱ्यांत यकृताची विकरे वाढू शकतात.

महाराष्ट्रात हा वाद करोनाच्या साथीत घराघरांत पोहोचला. गुळवेलीच्या सेवनानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद मुंबईतील डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने निष्कर्ष अमान्य केले आणि वनस्पतीच्या ओळखीतच गफलत झाली असावी, असा आक्षेप घेतला. पुढच्या वर्षी देशातील अनेक केंद्रांमधील रुग्णांचा अभ्यास आला. त्यात गुळवेलीमुळे आधी दडून असलेला स्वप्रतिकारक यकृतदाह, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच यकृतावर उलटण्याचा आजार, उघड होत असावा, अशी शक्यता मांडण्यात आली. गुळवेल साखरेसाठीही घेतली जाते. त्यामुळे मधुमेहीच्या यकृताची विकरे वाढलेली दिसली, तर ती साठलेल्या चरबीमुळे की रोजच्या काढ्यामुळे, हे ठरवण्यासाठी डॉक्टरला आधी त्या काढ्याची माहिती मिळावी लागते, आणि काढा हे औषधच नाही असे मानणारा रुग्ण ती आपणहून सांगत नाही.