खुलासा: पायथन आहे म्हणून खिडक्या आपोआप साफ होतात का?

‘पायथन या प्रोग्रामिंग भाषेला गार्बेज कलेक्टर (नको झालेली मेमरी आपोआप मोकळी करणारी सोय) आहे, त्यामुळे क्यूटीच्या (ॲपच्या खिडक्या, बटणं बनवायच्या सी प्लस प्लस लायब्ररीच्या) खिडक्यांची मेमरी आपोआप मोकळी होते’ हे वाक्य वर्षानुवर्षं फिरतंय. पटतंही, कारण नुसत्या पायथनपुरतं ते बरंचसं खरं आहे.

पण पायक्यूटीत, म्हणजे क्यूटी पायथनमधून वापरताना, एका खिडकीमागे दोन ऑब्जेक्ट असतात: एक पायथनचं, दुसरं सी प्लस प्लसचं. डायलॉग (छोटी खिडकी) बनवताना पेरेंट, म्हणजे ती ज्याच्या ताब्यात असेल तो ऑब्जेक्ट, दिला, की सी प्लस प्लसवाल्याची मालकी त्या पेरेंटकडे जाते. मग पायथनमधलं व्हेरिएबल संपलं तरी डायलॉग जिवंतच. फुलीवर क्लिक केलं तरी तो एरवी फक्त लपतो.

खात्री करायचीय? बटण दाबलं की पेरेंटसह नवा क्यूडायलॉग (क्यूटीचा डायलॉग) उघडेल असं करा. तो बंद झाला, की मुख्य खिडकीवर फाइंडचिल्ड्रेन (तिच्या ताब्यातले ऑब्जेक्ट शोधणारं फंक्शन) वापरून क्यूडायलॉग किती उरलेत ते छापा. १, २, ३... आकडा चढतच जातो. बंद झाल्यावर डायलॉगचं डिलीटलेटर (तो खरोखर पुसून टाकणारं फंक्शन) बोलवा, चढ थांबतो.

उलटी गंमतही होते. पेरेंट नाही आणि खिडकी फंक्शनच्या लोकल व्हेरिएबलमध्ये, तर फंक्शन संपताच ती लुकलुकून गायब! रेफरन्स काउंट (ती खिडकी किती ठिकाणी धरून ठेवलीय तो आकडा) शून्य झाला, एवढंच. सेल्फवर, म्हणजे टिकून राहणाऱ्या ऑब्जेक्टमध्ये, ठेवली की टिकते.